पहिला की दुसरा

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीमागच्या कॉलेजात गॅदरिंगचा मांडव उभा राहतो आणि भर दुपारी कोणीतरी माइकवर "चेक, चेक, वन, टू, चेक" सुरू करतं. 'थ्री'पर्यंत कोणी गेल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर असतो. अमुक काम का लांबलं हे पलीकडून मला कोणीतरी विचारत असतं, मी सांगत असतो, आणि तेवढ्यात मांडवातून कुणाच्या तरी गिटारची पहिली घरघर येते. खिडकी लावायला म्हणून मी उठतो. लावत मात्र नाही.

त्या घरघरीची मला चीड येते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, आता हा गृहस्थ गहिवरणार. हल्लीची मुलं गिटार थेट लॅपटॉपला जोडतात. जगातला हवा तो ॲम्प्लिफायर त्या लॅपटॉपमध्ये बसलेला असतो. बोट लावलं की इंग्लंडचा, बोट लावलं की कॅलिफोर्नियाचा. नाही आवडला तर पुढचा. निवड म्हणून काही करायचीच नाही. आणि हे सॉफ्टवेअर लिहिलंय कोणी, तर माझ्यासारख्याच कोणीतरी, ज्याला ऐन वयात खरा ॲम्प मिळाला नसणार.

आम्ही एक ॲम्प निवडायला अख्खा हिवाळा घालवला होता. तोही एकही न ऐकता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. आम्ही तिघं होतो. मी, केदार आणि प्रफुल्ल. केदार सदाशिव पेठेतला, ड्रम वाजवायचा. त्याचे वडील गणिताचे क्लास घ्यायचे आणि त्यांना सगळेच 'सर' म्हणायचे, केदारची आईसुद्धा. दुपारी क्लास रिकामा असे, तेव्हा आम्ही बाक भिंतीला लावून तालीम करायचो. झांजांवर खडूची भुकटी बसलेली असायची. पहिल्या ठोक्याला ती उडायची आणि पुढची दहा मिनिटं आम्ही शिंकत वाजवायचो. फळ्यावर सकाळच्या बॅचचं गणित तसंच असायचं. ते पुसायची आम्हाला परवानगी नव्हती. आमच्या सर्वांत चांगल्या धुनेचं नाव आम्ही 'इंटिग्रेशन' ठेवलं होतं. का, तर केदार म्हणायचा, "शेवटी एक स्थिरांक उरतो आणि तो किती हे कोणालाच ठाऊक नसतं."

ती धून प्रफुल्लची. प्रफुल्ल यवतमाळकडचा. वडील तिकडे शाळेत मास्तर, हा पुण्यात पेठेतल्याच एका खोलीत कॉट बेसिसवर. सडपातळ, डोळ्यांवर जाड काच, बोलायला लागला की समोरचा पुणेकर आधी हसायचा. गिटार हातात घेतली की हसायचा नाही. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून तो असा काही फटका मारायचा की आवाज कानाऐवजी छातीत बसायचा. मीही गिटारच वाजवायचो. बरी वाजवायचो. प्रफुल्लच्या शेजारी बसून वाजवल्यामुळे 'बरी' म्हणजे नेमकं काय, हे मला फार लवकर कळलं.

अडचण होती ती डब्याची. आम्ही ज्याला ॲम्प म्हणायचो तो भाड्याने आणलेला ट्रान्झिस्टरचा एक डबा होता. त्याच्यातूनच निवेदिका बोलायची, त्याच्यातूनच लावणी व्हायची आणि त्याच्यातूनच आम्ही हेवी मेटल वाजवावं अशी अपेक्षा असायची. पायाखाली देशी पेडल दाबलं की गिटारचा आवाज फाटायचा खरा, पण तो भजी तळल्यासारखा फाटायचा. माझे बाबा एकदा तालमीला डोकावून गेले होते. जाताना विचारलं, "हे मुद्दाम असं आहे, का बिघडलंय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मेटलचा आवाज मुद्दाम बिघडवलेलाच असतो. पण बिघडवायलाही चांगलं यंत्र लागतं.

ते यंत्र म्हणजे व्हॉल्व्हचा ॲम्प. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, त्यांना आवाज सोसवेनासा झाला की ते जे गुरगुरतात, ती या संगीताची सगळी पुंजी. प्रफुल्लला हे वाचून कळलेलं नव्हतं. "आमच्या घरी होता ना बे तसा रेडिओ," तो म्हणायचा. "बटन दाबलं का आधी दिवा लागे. मग तो गरम होये. मग गाणं. पण त्या गाण्याले वजन होतं. तुमच्या या डब्यातल्या आवाजाले वजनच नाही."

मग सुरू झाली निवड. कॅम्पात रद्दीच्या दुकानात परदेशी मासिकं यायची, त्यांतली पानं आम्ही धुंडाळायचो. पुढे सायबर कॅफे आले, तिथे एकेक फोटो वरून खाली उतरत यायचा आणि ॲम्पची बटनं दिसायच्या आत वेळ संपायचा. इंग्लंडच्या घराण्याचा घ्यावा की कॅलिफोर्नियाच्या? इंग्लंडचा म्हणे मधल्या पट्टीत भुंकतो. कॅलिफोर्नियाचा खालून धडका देतो आणि तरी घट्ट राहतो. गेन, म्हणजे आवाज फाडायची ताकद, कोणाला जास्त, जास्त गेनमध्ये चिखल कोणाचा होतो. एका परीक्षणात आवाज 'क्रीमी' होता, दुसऱ्यात 'चंकी'. केदार म्हणाला, "आपण ॲम्प घेतोय का बिस्किटं?" पण तोही भांडायचा. फोटो, घराणं, वजन आणि स्वभावाबद्दल परक्या माणसांनी दिलेली माहिती, एवढ्या भांडवलावर आम्ही तावातावाने भांडायचो. आमच्या घरांतली लग्नंही याच पद्धतीने ठरत होती आणि बरीचशी टिकतही होती, त्यामुळे यात काही चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला आम्ही शेवटून दुसरे होतो. मांडवात थंडी, पहिल्या रांगेत शाली पांघरलेले प्राध्यापक. आम्ही 'इंटिग्रेशन' सुरू केलं. प्रफुल्ल त्या दिवशी काय वाजवत होता हे मी सांगू शकत नाही. मला एवढंच आठवतं की शिट्ट्या मारणारी मागची पोरं गप्प झाली होती. आणि ऐन भरात डबा बंद पडला. धूर नाही, ठिणगी नाही, नुसता बंद. दोन गिटारी मुक्या झाल्या, केदारचे ड्रम तेवढे एकटे पुढे धावत राहिले, मग तेही थांबले. लोकांना वाटलं, झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती चेष्टा नव्हती, चांगल्या मनापासून वाजवल्या. प्रफुल्ल तारांवर हात ठेवून उभाच होता. धुनेचा दुसरा भाग, जो त्याने महिनाभर घासला होता, तो कोणी ऐकलाच नाही.

मांडवामागे तो म्हणाला, "या डब्यावर पुन्हा नाही."

कॉलेजात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या मोठमोठ्या बसमधून यायच्या आणि एका दमात वर्गच्या वर्ग उचलून न्यायच्या. मेकॅनिकल, सिव्हिल, काही बघायचे नाहीत. सन दोन हजारमुळे संगणकांत होणारा तारखांचा घोळ निस्तरायला त्यांना माणसं हवी होती आणि आम्ही माणसं होतो. योजना प्रफुल्लनेच मांडली. क्लासच्या बाकावर बसून, अगदी शांतपणे. "आपण नोकरी घेऊ. पण फक्त ॲम्पपुरती. तिघांत एकच ॲम्प, पण खरा. ॲम्प आला का दुसऱ्या दिवशी राजीनामा. मग गाणं. काहून, पटून राहिलं का?"

मला इतकं पटलं की माझ्या अंगावर काटा आला. केदार म्हणाला, "उत्तम. तुम्ही नोकरीवर लाथ मारा, मी वडिलांचा क्लास बंद करतो." पण हात त्यानेही पुढे केला. तिघांनी खडू लागलेले हात एकमेकांच्या हातावर ठेवले. आज एखाद्या मुलाने ही योजना मला सांगितली तर मी त्याला बाहेर काढीन. तेव्हा मात्र पुण्यात घराघरांत असेच करार होत होते. कोणी फक्त फ्लॅटपुरती नोकरी घेत होतं, कोणी बहिणीच्या लग्नापुरती, कोणी दोनच वर्षांपुरती अमेरिका. 'पुरती' हा शब्द आमच्या पिढीने जेवढा वापरला तेवढा कोणी वापरला नसेल. त्यातलं कोणी परत आलेलं माझ्या पाहण्यात नाही.

कंपनीने आम्हा दोघांना घेतलं. केदार कंपनीच्या परीक्षेलाच बसला नाही. माझं ऑफिस येरवड्याच्या पुढे होतं आणि बाबांना ते नाव घ्यायला लाज वाटायची. "मुलगा काय करतो विचारलं तर येरवड्याला असतो म्हणू?" त्यांनी माझ्या ऑफिसला शेवटपर्यंत 'नगर रोड' म्हटलं. पुढे मला वाटायला लागलं की लोकांना सरळ येरवडा सांगितलं असतं तर ते जास्त खरं झालं असतं.

वर्ष संपायच्या आत प्रफुल्लला अमेरिकेला पाठवलं. तो कामातही आमच्यापेक्षा हुशार होता. निघताना म्हणाला, "हे तर बेस झालं. तिथं दुकानात जाऊन ऐकून घेतो. आता अंदाजपंचे नाही." ॲम्पसाठी आमच्या तिघांची वर्गणी त्याच्याकडेच होती. स्टेशनवर केदारने त्याला तपकिरी रंगाचा एक मफलर दिला आणि सांगितलं, "तिथे थंडी असते. परत येताना आण." मफलर की ॲम्प, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

आणि मग तो रविवार. डिसेंबरचाच. सकाळी आई हॉलमध्ये मटार सोलत होती, बाबा पेपर वाचत होते. फोन वाजला आणि आई ओरडली, "अमेरिकेचा आहे, टीव्ही बंद करा!" टीव्ही बंदच होता. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती आणि प्रफुल्ल गिटारच्या दुकानातून बोलत होता. नवा मोबाइल, त्यावर कॉलिंग कार्ड.

"मंद्या, दोन ठेवले समोर. भिंतीएवढे आहेत बे! दोन्हीवर 'इंटिग्रेशन' वाजवतो. फोन स्पीकरसमोर ठेवला. तू सांग पहिला का दुसरा. कार्ड संपून राहिलं, लवकर."

मी रिसीव्हर कानात खुपसला. दुसऱ्या कानात बोट घातलं. आईला हाताने गप्प केलं, ती मटार सोलायची थांबली. बाबांनीसुद्धा पेपर खाली ठेवला. जगातला सर्वांत दांडगा आवाज काढणारं यंत्र सातासमुद्रापार धडाडत होतं आणि माझ्या कानात खिडकीच्या काचेवर माशी आपटत होती. झीं, झीं, झीं. मग थोडा वेळ काही नाही. मग दुसरी माशी.

टेलिफोनच्या तारेतून मेटल येत नाही. जे खालून छातीत बसायला हवं ते टेलिफोन आधीच कापून टाकतो, जे वर चमकायला हवं तेही कापतो, आणि उरतो तो बोलण्यापुरता मधला चोथा. आम्ही दोघंही इंजिनियर होतो, हे आम्हाला ठाऊक असायला हरकत नव्हती. पण तेव्हा मी डोळे मिटून ऐकत होतो. काहीतरी फरक सापडलाच पाहिजे, म्हणून घामाघूम झालो होतो. मला एकच गोष्ट सापडली. पहिल्यावर तो थोडंसं वाजवून थांबला होता. दुसऱ्यावर मात्र थांबला नाही. पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, मध्येच थांबून परत, कार्ड संपत असूनही. मला वाटलं, याला दुसरा सोडवत नाहीये. आवडलाय याला.

"दुसरा," मी ओरडलो. "दुसराच घे!"

"पक्का?"

"पक्का!"

लाइन गेली. आईने विचारलं, "काय ठरलं?" लग्नच ठरल्यासारखं तोंड करून मी सांगितलं, "दुसरा." बाबा म्हणाले, "मला तर दोन्ही सारखेच वाईट वाटले असते." पण ते हसले. मी त्या दिवशी दुपारी राजीनाम्याचं पत्र मनातल्या मनात लिहून काढलं. इंग्रजीतून, कारण आम्हाला मराठीतून राजीनामा कसा देतात ते माहीत नव्हतं.

ॲम्प आला. प्रफुल्ल आला नाही. आमच्याच कंपनीतलं एक जोडपं कायमचं परत येत होतं, त्यांच्या सामानातून त्याने तो पाठवला, स्पीकरची पेटी सोडून नुसता वरचा भाग, रजईत गुंडाळून. सोबत निरोप: प्रोजेक्ट लांबलंय, तू वाजवत राहा, मी पुढच्या डिसेंबरला येतो. केदार बघायला आला. रजई बाजूला करून त्याने तो काळा चौकोनी ॲम्प नीट पाहिला, मागे वाकून व्हॉल्व्हही पाहिले आणि म्हणाला, "तो येत नाही आता. ज्याला यायचं असतं तो सामान पुढे पाठवत नाही, बरोबर घेऊन येतो." मी त्याच्याशी भांडलो. पेठेतल्या लोकांना कशात चांगलं दिसत नाही, असं काहीतरी बोललो. तो म्हणाला, "दिसतं की. ॲम्प चांगला आहे."

ॲम्प एकटा वाजत नाही. अमेरिकेची वीज आपल्या निम्म्या दाबाची, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर आणला. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून स्पीकर आणले, सुताराकडून त्यांना कपाटाएवढी पेटी करून घेतली. सगळं जोडून बटन दाबलं तेव्हा आधी मागचे व्हॉल्व्ह लाल झाले, मग थोड्या वेळाने तो गुणगुणायला लागला, आणि मला प्रफुल्लच्या घरचा रेडिओ आठवला. मी एक फटका मारला. खालच्या मजल्यावरच्या काकू त्याच मिनिटाला वर आल्या. शंभर वॉटचा ॲम्प कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये आणणं म्हणजे काय, हे आम्ही वाचलेल्या एकाही मासिकात लिहिलेलं नव्हतं. व्हॉल्व्हचा ॲम्प मोठ्याने वाजवला तरच खरा बोलतो. माझ्याकडे तो इतकी वर्षं पुटपुटतोय.

राजीनामा तर राहिलाच. कुणासाठी देणार? प्रफुल्लचा पुढचा डिसेंबर आला, त्याच्या पुढचाही. ग्रीन कार्डची रांग, मग लग्न, मग घर, मग मुलांच्या शाळा. तसा तो पुण्याला दोन-चारदा येऊनही गेला; पण मंगल कार्यालयात, कुणाच्या तरी लग्नात, हातात ताट घेऊन. "घरी येतो रे, ॲम्प बघायचाय," म्हणायचा. मी त्यासाठी ॲम्प जिवंत ठेवला. महिन्यातून एकदा चालू करायचो, गरम होऊ द्यायचो, धूळ पुसायचो. माझ्या बायकोने, मेधाने, गणपतीत त्याचा उपयोग शोधून काढला. ती पेटी आणि वरचा ॲम्प मिळून मखराला नेमकी उंची होते. त्यासाठी तिने जरीकाठी कापडाची एक खोळ शिवली, आणि मग ती वर्षभर त्यावरच राहिली. मी एकच नियम सांगितला होता: चालू करून बंद केला की पूर्ण गार होईपर्यंत खोळ घालायची नाही. काच तापलेली असते, आत कोंडलं की नुकसान होतं. मेधाने तो नियम देवाच्या नियमांइतकाच काटेकोर पाळला. बाबा गेले. माझे केस गेले. मेटलने कान जातील असं बाबा म्हणायचे. माझा डावा कान गेलाच थोडा, पण तो कॉन्फरन्स कॉलच्या हेडफोनने.

या वर्षी नोव्हेंबरातच प्रफुल्लचा मेसेज आला. डिसेंबरात पुण्यात येतोय, या वेळी घरी नक्की, दुपारभर बसू. मी लहान मुलासारखं वागलो, हे कबूल. परदेशातून नवे व्हॉल्व्ह मागवले. गिटारच्या तारा बदलल्या. 'इंटिग्रेशन'चा दुसरा भाग बोटांत आणला. तोच, जो मांडवात कोणी ऐकला नव्हता. तो मोठ्याने, शेवटपर्यंत, एकदा तरी व्हावा, एवढीच माझी इच्छा होती. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे जाऊन दुपारी तासभर आवाज करायची परवानगी मागितली.

"कसला कार्यक्रम आहे?"

"मित्र येतोय, अमेरिकेहून."

"मग गप्पा मारा की. त्याला परवानगी लागत नाही." पण दिली. "चार ते पाच. पाच म्हणजे पाच."

केदारला फोन केला. तो आता केदार सर आहे, क्लासच्या तीन शाखा आहेत. "तुम्ही बसा," तो म्हणाला. "मला बॅच आहे." मी म्हटलं, एक दिवस बॅच रद्द कर. तो म्हणाला, "मंदार, मी त्या दिवशी मांडवात एकटा वाजवत राहिलो होतो. तेवढं पुरे."

प्रफुल्ल आला. जाड काच जाऊन डोळे मोकळे झालेत, अंगाने भरलाय. मेधाने केलेली मटार करंजी त्याने आवडीने खाल्ली. मराठी स्वच्छ, पुणेरी, मध्येमध्ये 'ॲक्च्युअली'. 'पटून राहिलं' नाही, 'काहून' नाही. त्याला बाणेरला फ्लॅट घ्यायचा आहे, भाड्याने द्यायला. त्याबद्दल तो बराच वेळ बोलला. चार वाजले. मी खोळ काढली. बटन दाबलं. व्हॉल्व्ह लाल झाले. सव्वाचार झाले, तो बाणेरच्या पाण्याच्या प्रश्नाबद्दल विचारत होता. मी गिटार त्याच्या हातात दिली.

त्याने ती मांडीवर घेतली. तळहाताची कड तारांवर तशीच टेकवली आणि 'इंटिग्रेशन'चा पहिला भाग वाजवला, हळू आवाजात. तो फटका अजून होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग तो अडखळला. "पुढे काय होतं रे?"

मी सांगणारच होतो. माझी बोटं हलायलाही लागली होती. तेवढ्यात तो ॲम्पकडे बघून म्हणाला, "छान ठेवलायस. माझा मात्र पहिला आहे."

"पहिला म्हणजे?"

"अरे, त्या दिवशी दुकानात दोन नव्हते का? पहिला आणि दुसरा. मला पहिलाच आवडला होता. माझ्यासाठी मी तो घेतला. आता गॅरेजमध्ये आहे, मुलगा वाजवतो कधीतरी."

"कधी घेतलास?"

"त्याच दिवशी. तुला फोन करायच्या आधीच बिल केलं होतं. मग म्हटलं, तुला विचारावं तुझ्यासाठी कुठला पाठवू."

मेधा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी मूर्खासारखं विचारलं, "पण तू दुसऱ्यावर किती वेळ वाजवत होतास!"

तो आठवायला लागला आणि हसला. "हां! त्याचा गेन बसतच नव्हता. नुसता चिखल होत होता. म्हटलं, तुला ऐकवायचाय, थोडा तरी बरा करू."

"आणि मी पहिला म्हणालो असतो तर?"

"तर तुलाही पहिलाच पाठवला असता. त्यात काय? दुकानात ढीग पडून होता बे."

तेवढ्यापुरता त्याचा 'बे' परत आला. ज्याला परत यायचं असतं तो स्वतःसाठी वेगळा ॲम्प घेत नाही. तिघांत एकच, हे त्याचंच वाक्य होतं. आई मटार सोलायची थांबली होती, बाबांनी पेपर खाली ठेवला होता, मी कानात बोट घालून घामाघूम झालो होतो, तेव्हा निवड होऊन गेलेली होती. प्रश्न फक्त पार्सलचा उरला होता. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. हे सगळं तो विसरून गेला होता, आणि विसरायला त्याला काही कष्टही पडले नव्हते. पाप असतं तर मला रागावता आलं असतं.

"सांग ना, पुढे काय होतं?" गिटार अजून त्याच्या मांडीवर होती.

"मलाही आठवत नाही," मी म्हटलं.

त्याने गिटार भिंतीला टेकवली. चहा घेतला. "हे मॉडेल आता जुन्या वस्तू जमवणारे लोक घेतात. विकून टाक, जागा तरी मोकळी होईल," असं सुचवलं. मागच्या कॉलेजातून "चेक, चेक, वन, टू" ऐकू आलं तेव्हा तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय दिवस होते ना?" मी हो म्हटलं. पाचला दहा कमी असताना त्याची गाडी आली.

त्याला सोडायला खाली गेलो. गाडी वळली. लिफ्टपाशी सेक्रेटरीकाका घड्याळ बघत उभे होते.

"अहो, चार वाजल्यापासून कान देऊन बसलोय. काहीच ऐकू आलं नाही. रद्द झाला का कार्यक्रम?"

"हो. रद्द झाला."

"आधी कळवायचं ना. मी दुपारची झोप घेतली नाही."

वर आलो. ॲम्प मी बंद केला होता, पण व्हॉल्व्ह अजून तापलेले होते. जवळ हात नेला तर ऊब लागत होती. मी खुर्चीवरची खोळ उचलली, झटकली आणि त्याच्यावर घातली. चारी कोपरे ओढून नीट बसवले.

मेधा कपबशा उचलत होती. "अरे, गरम आहे ना अजून तो?"

"असू दे," मी म्हटलं, आणि खिडकी लावून घेतली.